एकट्याच्या वजनावर

थेल्मा मॉल्टबीला कोणी विचारलं की आयुष्यभर काय केलंत, तर ती म्हणायची, "मोजलं." पुढे एक शब्द बोलायची नाही. गेन्सबरोच्या बाजारात पडद्यांच्या कापडाचं एक दुकान होतं. तिथे ती सोळाव्या वर्षी कामाला लागली आणि दुकानाला टाळं लागलं तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडली. गिऱ्हाईक खिडकीचं माप कागदावर लिहून आणायचं. थेल्मा चष्म्यावरून कागद पाहायची आणि म्हणायची, "परत मोजा. तुमच्या यजमानांनी चौकटीच्या आतून मोजलंय." गिऱ्हाईक तणतणत घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी मान खाली घालून नवा कागद घेऊन यायचं. गावात निम्म्या खिडक्यांवर तिच्या हातचे पडदे होते आणि एकही पडदा जमिनीपासून वर लोंबकळत नव्हता. माणसं तिला थोडी घाबरूनच असायची. स्वभाव फटकळ होता, हे ती स्वतःही कबूल करायची.

नवरा गॉर्डन तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बॉयलरच्या कारखान्यात लेथवर होता. मूलबाळ झालं नाही. त्यावर दोघं फार बोलली नाहीत, एका वर्षी लहान खोलीतला पाळणा कोणाला तरी देऊन टाकला आणि तिथे शिवणयंत्र आलं, एवढंच. ही माणसं अशीच. सगळं मापात करतात, बोलणंसुद्धा.

कारखाना बंद पडला त्या वर्षी गॉर्डनने गाडी बांधायला घेतली. विकत नाही, बांधायला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा खोक्यांतून आला, इंजिन आणि मागच्या चाकांचा आस एका भंगारातल्या गाडीचा. छप्पर नाही, दारं नाहीत, दोन माणसं जेमतेम बसतील अशी ती ठेंगणी गाडी घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं बनत होती. सुरुवातीला थेल्मा म्हणायची, "लग्न माझ्याशी आणि संसार त्या नळकांड्यांशी." पण पट्टी वाचायला मात्र तिलाच बोलावलं जायचं. गॉर्डन गाडीखाली, ती बाहेर गुडघ्यांवर, हातात पोलादी पट्टी. मिलिमीटरचा अर्धा भागही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. अकरा वर्षांत त्या गाडीवर असं एक माप नव्हतं जे तिने वाचलं नव्हतं.

ही अकरा वर्षं सलग मात्र नव्हती. गॉर्डनची आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने गाडीवर चादर ओढली. आई दीड वर्षाने गेली, चादर मात्र त्यानंतरही चार वर्षं तशीच राहिली. गॉर्डन खुर्चीत बसून राहायचा. दाढी करायचा नाही, अशाच गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबच्या माणसांचे फोन घ्यायचा नाही, समोर ठेवलेलं मुकाट्याने खायचा. शेवटी एका सकाळी थेल्माने स्वतः ती चादर ओढून काढली, कात्रीने तिच्या चिंध्या केल्या आणि त्याच्या हातात देऊन म्हणाली, "तेल पुसायला होतील." तो उठला तो तेव्हा.

म्हणून जानेवारीत लिंकन शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं, कापून उपयोग नाही म्हणाले आणि शरद ऋतूच्या पुढचं काही बोलले नाहीत, तेव्हा थेल्माच्या मनात पहिली गोष्ट आली ती चादरीची. मरणाची भीती तिला वाटली नाही असं नाही. बसथांब्यावर ती दोन बस सोडून तिथेच बसून राहिली. पण घरी पोहोचेपर्यंत तिचा हिशेब झाला होता. गॉर्डनला आत्ता कळलं तर तो गाडीवर चादर ओढणार. आणि या वेळी ती काढायला कोणी नसणार. गाडी आधी पुरी व्हायला हवी, सरकारी तपासणीतून सुटायला हवी, तिला नंबरपाटी लागायला हवी. मग रविवारी क्लबची माणसं त्याला घराबाहेर ओढून नेतील. तपासणीची तारीख अठरा एप्रिल होती. एकोणीसला सांगायचं, असं तिने ठरवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. गुरुवारी लिंकनला जायची तेव्हा मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाते म्हणायची.

आता राहिलं होतं गाडीची उंची बसवायचं काम. प्रत्येक चाकापाशी एक स्प्रिंग आणि तिच्याखाली आटे पाडलेली एक कडी. वाकड्या तोंडाच्या पान्याने कडी फिरवली की तो कोपरा वर उचलतो किंवा खाली बसतो. ऐकायला सोपं आहे. पण एक कोपरा हलवला की उरलेले तीन रुसतात. आणि उंची बरोबर बसल्याशिवाय चाकांचे कोन लागत नाहीत, दिव्यांची दिशा लागत नाही. तपासणीचं सगळं त्यावरच अडलेलं. शिवाय ही उंची रिकाम्या गाडीत लावून चालत नाही. इतक्या हलक्या गाडीत माणूस बसला की ती तेवढी खाली जाते, म्हणून बसणाऱ्याचं वजन सीटवर ठेवूनच मोजायचं.

क्लबमधले सगळे चालकाच्या एकट्याच्या वजनावर उंची लावत. रेग टॉमलिन, गॉर्डनचा क्लबमधला दोस्त, त्याला चिडवायचा, "अरे, बायका एकदा बसतात. केस विसकटले की पुन्हा फिरकत नाहीत. तू कोणासाठी त्या बाजूला वजन धरतोयस?"

"दोन सीट आहेत," गॉर्डन म्हणायचा. "दोन माणसं बसणार." पहिली चक्कर मेबलथॉर्पला, समुद्रावर, थेल्माला शेजारी बसवून. हे त्याने अकरा वर्षांपूर्वी ठरवलेलं आणि त्यात बदल नव्हता. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, गॉर्डन तेरा स्टोन, थेल्मा दहा; एक स्टोन म्हणजे सहा किलोंहून थोडं जास्त. त्या वजनांची वाळूची पोती दोन्ही सीटवर ठेवून त्याने मार्चमध्ये कच्चं माप लावलं. पण पोत्यावर पक्कं माप लावायला तो तयार नव्हता. "पोत्याला पाय नसतात," तो म्हणायचा. "माणसाचं वजन पायांवर जातं, पाठीवर जातं. आधी तुझ्या बाजूचं पोतं काढून तुला बसवतो, मग माझ्या बाजूचं बघू."

थेल्माचं वजन तेव्हा आठ स्टोन होतं. किलोत सांगायचं तर जवळजवळ तेरा किलो उतरलेली. सैल स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर आणि "म्हातारपणी भूक कमीच लागते" यावर तिने आतापर्यंत निभावून नेलं होतं. पण गाडी स्वेटरला फसणार नव्हती. तिने दोन दुपारी शिवणयंत्राच्या खोलीचं दार लावून घेतलं. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाच्या चकत्या शिवतात. दुकान बंद झालं तेव्हा तिने त्यांचे दोन डबे घरी आणले होते. त्या सगळ्या चकत्या तिने हिवाळी कोटाच्या अस्तरात ओळीने शिवल्या, कमरेपासून खाली, एकमेकींवर वाजू नयेत म्हणून मध्ये टाके घालून. घरातल्या काट्यावर कोटासकट उभी राहिली. दहा स्टोनला दोन पौंड कमी. तेवढं चालेल, ती स्वतःशी म्हणाली. काम सुबक झालं होतं, याचं तिला समाधानही वाटलं. खोटं बोलायचं तरी ते मापात असावं, असा तिचा बाणा.

शनिवारी सकाळी ती तो कोट घालून गॅरेजमध्ये आली. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत बारा पावलं, तिला दोनदा भिंतीचा आधार घ्यावा लागला. गॉर्डनने डावीकडचं पोतं काढलं होतं, चाकांखाली लादीचे पातळ तुकडे सारून जमिनीचा उतार भरून काढला होता, टायरमधली हवा मोजली होती.

"ये," तो म्हणाला. "आणि कोट काढ."

हे थेल्माच्या डोक्यातच आलं नव्हतं. चकत्या मोजल्या, टाके मोजले, पौंड मोजले, आणि आपला नवरा किती काटेकोर आहे एवढंच मोजायचं राहिलं.

"थंडी आहे, गॉर्डन."

"जूनमध्ये हा कोट घालून बसणार आहेस का समुद्रावर? अगं, दोन मिनिटांचं काम. एवढ्या जाड कोटाने माप चुकतं, हे तुला मी सांगायचं?"

"मला काढायचा नाहीये."

"हट्टी बाई," असं म्हणत त्याने हसत मागून येऊन कोट तिच्या खांद्यावरून उतरवला. आणि त्याचा हात खाली गेला. पूर्ण खाली, गुडघ्यापर्यंत. त्याने कोटाकडे पाहिलं, अस्तराला अंगठा लावला, चकत्यांची एक ओळ चाचपली. कोट कामाच्या टेबलावर ठेवला तेव्हा लाकडावर धप्प आवाज झाला.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. दुसरं काय करणार होती? तो मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर टेकला आणि जमिनीपासून सांगाड्याच्या नळीपर्यंत पट्टी लावली. बराच वेळ तो तिथेच होता. मग उठला, टायरची हवा पुन्हा मोजली. लादीचे तुकडे पुन्हा तपासले. गाडी वीतभर पुढे ढकलली, मागे घेतली, कोपरा दाबून सोडला, पुन्हा टेकला. थेल्माला त्याचा फक्त टकलाचा भाग दिसत होता.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे चव्वेचाळीस."

दहा स्टोनला एकशे चाळीस यायला हवं होतं; गाडी तेवढी खाली बसलीच नव्हती. चार मिलिमीटर. दोन नाण्यांची जाडी. दुसरा कोणी असता तर स्प्रिंगला दोष देऊन मोकळा झाला असता.

"कधीपासून?" गॉर्डनने खाली बघतच विचारलं.

"जानेवारी."

"गुरुवारचे पत्ते?"

"लिंकन."

तो तिथेच जमिनीवर बसला, चाकाला पाठ लावून. तिला वाटलं तो ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने सीटवरून हात खाली सोडला, तो त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचत नव्हता. त्या गाड्यांत आत जाणं सोपं असतं, बाहेर पडायला माणसाला जोर लागतो. तिच्यात तो नव्हता. शेवटी त्यानेच तिला काखेत हात घालून बाहेर काढलं, घरात नेलं, चहा केला. चहात साखर घातली, जी ती चाळीस वर्षं घेत नव्हती. तिने तो सगळा संपवला.

त्याच संध्याकाळी गाडीवर चादर आली.

पुढचे दहा दिवस गॉर्डन तिच्याभोवती असा वागला की तिला जीव नकोसा झाला. सूप. उशा. खिडकी उघडू का, खिडकी लावू का. लिंकनला तोच घरच्या जुन्या गाडीने नेऊ लागला. डॉक्टरांसमोर टोपी मांडीवर धरून बसायचा आणि प्रश्न लिहून आणलेला कागद खिशातून काढायचाच नाही. दाढी वाढली. सकाळी खुर्चीत बसायचा तो उठायचा तिच्या औषधासाठी. थेल्माला तो मागचा काळ ओळखता येत होता, एकेक दिवस तोच, तीच खुर्ची. ती असताना हे असं, तर नंतर काय?

अकराव्या दिवशी फोन वाजला. रेग होता.

"थेल्मा, कळलं मला. काय बोलू... आणि तारखेचं ऐकून आणखी वाईट वाटलं. पण आता ते सोडून दिलेलंच बरं, नाही का?"

"कोणती तारीख?"

रेग गडबडला. "अठराची. गॉर्डन म्हणाला, तो उद्या रद्द करायचा फोन करतोय. मला वाटलं तुला..."

तिने फोन ठेवला. तिच्या अंगात महिनाभरात जेवढा जोर नव्हता तेवढा त्या क्षणी आला. ती गॅरेजमध्ये गेली, चादर धरली आणि ओढली. सगळी निघाली नाही, अर्धीच निघाली. तिथेच उभी राहून तिने हाक मारली, "गॉर्डन!"

तो धावत आला, चेहरा पांढराफटक.

"पडली नाहीये मी. इकडे ये. ही गाडी एकट्याच्या वजनावर लाव."

"थेल्मा, घरात चल."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. लाव."

"तुझ्याशिवाय मला ती गाडी काय करायचीय?" तो म्हणाला. तीन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस, पण आता त्याचा आवाज चढला. "तुला बसवायला बांधली मी ती. अकरा वर्षं! आणि तू सांगतेस तुझी सीट रिकामी धरून स्प्रिंग लाव? मी लावणार नाही. चार मिलिमीटर खाली घेतो, तुला बसवतो, जाऊ मेबलथॉर्पला. परत वजन उतरलं तर परत खाली घेतो. उतरेल तसं घेत जाईन."

"तपासणीशिवाय ती रस्त्यावर येत नाही. आणि त्या टणक सीटवर मी मेबलथॉर्पपर्यंत बसू शकत नाही. फाटकापर्यंतही नाही. तुला हे माहीत आहे."

त्याला माहीत होतं.

"माझी आई गेली तेव्हा मी रडले आणि कामावर गेले," थेल्मा म्हणाली. "तुझी गेली तेव्हा तू चार वर्षं त्या खुर्चीत बसलास. मी तुला काही बोलले नाही कधी. आता बोलते. मला भीती वाटते, गॉर्डन. दुखण्याची वाटते, ते चालायचंच. पण तू तिथे बसलेला आहेस आणि घरात कोणी नाही, हे डोळ्यांसमोर येतं तेव्हा मला झोप लागत नाही."

गॉर्डनने चादरीचं टोक हातात धरलं होतं. ते सोडावं की ओढावं हे त्याला कळत नव्हतं.

"आणि पोत्यावर तू पक्कं माप लावणार नाहीस," ती पुढे म्हणाली. "म्हणजे तू आत बसणार. मग पट्टी कोण वाचणार? रेग? त्याला स्वतःचं घड्याळ धड वाचता येत नाही. मी आत्ता आहे. अजून दिसतंय मला नीट. आत्ता लाव."

त्याने चादर काढली. घडी केली नाही, कोपऱ्यात टाकली.

दुपारभर ते काम चाललं. त्याने सोफ्यावरची उशी आणून चाकापाशी ठेवली, तिला त्यावर टेकवलं, खांद्यांवर शाल घातली. मग उजव्या सीटवरचं पोतं काढून स्वतः आत बसला. डावी सीट रिकामी. ती आकडा सांगायची, तो बाहेर पडायचा, कडी फिरवायचा, गाडी एकटाच पुढे-मागे ढकलून बसू द्यायचा, मग पुन्हा आत. आणि तिला उचलून पुढच्या कोपऱ्यापाशी न्यायचं, उशीसकट. पुढचे दोन कोपरे लागले. मागचा डावा त्याने खाली घेतला, ती बसणार म्हणून आजवर वर ठेवलेला, आणि तो घेताना पान्याचं तोंड दोनदा कडीवरून निसटलं. मध्ये एकदा तिला कळ आली. ती चाकाला कपाळ टेकून थांबली, तो तसाच सीटवर बसून राहिला, कारण तिने हात वर करून सांगितलं होतं, "उठू नकोस. मग परत पहिल्यापासून."

शेवटचा राहिला मागचा उजवा. त्याच्या पाठीमागचा. चार वेळा कडी फिरवून झाली होती. तो आत बसला, पाय पुढे नेऊन ठेवले, हात स्टिअरिंगवर, जसं रस्त्यावर बसणार तसं, समोर गॅरेजच्या दाराकडे बघत. तिने पट्टी जमिनीवर उभी धरली आणि सांगाड्याच्या नळीच्या खालच्या कडेशी डोळा नेला.

आकडा दिसला आणि गेला. एकशे चाळीस, एकोणचाळीस, पुन्हा चाळीसच्या वर. तिला वाटलं आपलाच हात कापतोय. तिने कोपर गुडघ्याला टेकवून पाहिलं. हात स्थिर होता. नळीच पट्टीसमोर खाली-वर होत होती, हुंदके दाबल्यासारखी, आणि वरून कसलाच आवाज येत नव्हता.

"गॉर्डन," ती म्हणाली, "हलतोय आकडा."

"माहितीये."

"मग थांब जरा."

"थांबतोय ना."

तिला घाई नव्हती. सिमेंटचा गारवा उशीतून वर येत होता, एक पाय बधिर झाला होता. तिने पट्टी सोडली नाही, नजरही हलवली नाही. नळी हळूहळू शांत होत गेली, एकदा पुन्हा उसळली, आणि मग थांबली.

"एकशे चाळीस," थेल्माने वाचलं. "लिहून घे."